बिरादारांचं धोतर

हरभऱ्याच्या पानांवर पहाटे साचणारं दव आंबट असतं. त्याला आंब म्हणतात. पोटात दुखलं की चमचाभर पुरते.

सुती कापडाला इस्त्री पुरेशी तापली का, हे ओलं बोट लावून बघतात. चर्र झालं पाहिजे.

लातूरच्या एका चौकात पत्र्याचा फलक आहे. 'टँकर येण्याची वेळ :' एवढंच त्यावर लिहिलेलं. पुढची जागा सहा वर्षं कोरी आहे.

सोजरबाई राऊत चौदा वर्षांत बिरादारांच्या गल्लीतून गेलेली नाही. मारुतीच्या देवळाला वळसा घालून जाते.

दवाला सातबारा नसतो.

इयत्ता सहावी, धडा अकरावा, 'इस्त्रीतून पाणी'. स्वाध्याय पान अठ्ठावन्नवर.


प्रश्न १. रिकाम्या जागा भरा.

'कालिंदा राऊत यांनी ______ या गावी हवेतून पाणी काढणाऱ्या कापडाचा शोध ______ लावला.'

उत्तरं : सिंदळवाडी. एकटीने.

कालिंदाला हा धडा पाठ होता. गावातल्या पोरी तो घोकत तिच्याच दारावरून शाळेत जायच्या आणि एखादीचं चुकलं तर ती ओट्यावरून दुरुस्त करायची. औसा तालुक्यातल्या एका लहान गावात परटाचं दुकान चालवणारी बाई ती. धुणं, इस्त्री आणि विटलेल्या लुगड्यांना नवा रंग देणं, एवढा तिचा व्यवसाय. आता चार राज्यांत तिच्या नावाचं कापड विकलं जात होतं. लोक दुकानात जाऊन 'कालिंदा आहे का?' विचारायचे, ते कापडाबद्दल. हे तिला आवडायचं. आवडत नाही असं ती कधी म्हणालीही नाही.

२०४३ सालचा मार्गशीर्ष संपत आला होता. सकाळी कंपनीचा इंजिनिअर तौफिक शेख आला. तौफिक उदगीरचा, तिशीतला. पहिल्या दिवशी तिला मॅडम म्हणाला होता. तिने चहा पाजल्यावर काकू म्हणायला लागला, तो आजतागायत. त्याने ओट्यावरच नकाशा पसरला. गावाच्या पूर्वेला माळावर कंपनीची सहा किलोमीटरची भिंत आधीच उभी होती. भिंत म्हणजे ओळीने रोवलेले खांब आणि त्यांवर ताणलेलं पंधरा फूट उंचीचं कालिंदा कापड. रात्रभर ते हवेतली ओल पितं, दिवसा काचेखाली तापवलं की पाणी सोडतं. ते पाणी नळाने लातूरला जातं. आता आणखी चाळीस किलोमीटर बांधायची होती. सोमवारी त्या कामाचं उद्घाटन. फीत कालिंदाच्या हस्ते.

तिने नकाशावर बोट फिरवलं. थंडीतला वारा पूर्वेकडून येतो, आणि भिंतीच्या पश्चिमेला सगळी हरभऱ्याची काळी रानं. त्यातलंच तीन एकर तिच्या थोरल्या जावेचं, सोजरबाईचं.

"आणि मागच्या रानात दव किती पडेल रे?"

 तौफिकने खरं ते सांगितलं, कारण तिच्याशी खोटं बोलायची त्याला सवय नव्हती. दव आभाळातून पडत नाही. जमिनीलगतच्या हवेत वाफ असते. रात्री हवा पुरेशी गार झाली की ती वाफ पानांवर पाणी होऊन बसते. भिंतीने आधीच वाफ पिऊन घेतली तर मागच्या हवेला दव धरायला आणखी दोन अंश थंडी लागते, आणि तेवढी थंडी पडायच्या आत सूर्य उगवतो. पूर्वी या रानांत हंगामात एक्केचाळीस रात्री दव पडायचं. मागच्या वर्षी अठरा रात्री पडलं. नवी भिंत झाल्यावर तीन-चार.

"हे तुझ्या साहेबांना माहीत आहे?"

"अहवालात मीच लिहिलं होतं, काकू. समितीने विचारलं, दव कुणाच्या नावावर आहे?"

 मग सहज विचारावं तसं तिने विचारलं, मी नको म्हटलं तर? तौफिक हसला, पण वाईट वाटून हसला. पेटंट एकट्या तिच्या नावावर होतं आणि आठ वर्षांपूर्वी तिने ते वापरायचे सगळे हक्क कंपनीला लिहून दिले होते. तिच्या हो-नाहीचा आता काही संबंध उरला नव्हता. फीत कापायला ती नाही आली तर पालकमंत्री होतेच.


प्रश्न २. शास्त्रीय कारणे द्या.

धड्यात जे लिहिलंय त्यातलं शास्त्र बरोबर आहे.

जुन्या कापडावर नवा रंग पक्का बसावा म्हणून रंगवण्याआधी ते तुरटीच्या पाण्यात भिजवतात. तुरटीत अॅल्युमिनियम असतं. परटाच्या हातातून गेलेल्या कापडात थोडा धुण्याचा सोडाही राहतोच. आंबेत एक आम्ल असतं. त्याला कडक इस्त्रीचा चटका बसला की त्यातलं पाणी उडतं आणि त्याचं दुसरं आम्ल होतं. लातूरच्या कॉलेजातले रसायनाचे गुंजोटे सर कालिंदाला समजावताना म्हणाले होते, की अॅल्युमिनियम म्हणजे खांब धरा आणि हे नवं आम्ल म्हणजे तुळया. सोड्याच्या संगतीने खांबांना तुळया जोडल्या जातात आणि कापडाच्या धाग्याधाग्यात डोळ्यांना न दिसणाऱ्या लाखो खोल्या उभ्या राहतात. चिमूटभर पुडीतल्या खोल्यांच्या भिंती उलगडून पसरल्या तर शाळेच्या मैदानात मावायच्या नाहीत. रात्रीच्या गारव्यात हवेतली वाफ या खोल्यांत मुक्कामाला येते. ऊन लागलं की बाहेर पडते.

चुकीचं आहे ते एवढंच, की धड्यातल्या कालिंदाबाई 'दिवसरात्र पाण्याचा विचार करीत' असत.

झालं होतं ते असं. २०२९च्या मार्गशीर्षात, बिरादारांच्या म्हाताऱ्या बळवंतरावांचं एक धोतर भगवं करायला आलं होतं. कालिंदाने ते तुरटीत भिजवून, वाळवून गठ्ठ्यात ठेवलं. आठवड्याने काढलं तर ते पापडासारखं कडक झालेलं. तिने रागाने त्यावर तापलेली इस्त्री फिरवली, आणि आंबूस वाफेचा लोट नाकात गेला. धोतराला कुणीतरी आंब लावली होती. गावात दर थंडीत आंब धरणारी, हरभऱ्यावर पहाटे फडकं पांघरून, पिळून ती बाटलीत भरून ठेवणारी बाई तिच्या घरात एकच होती, सोजरबाई. तिचं स्वतःचं फडकं फाटलं होतं, म्हणून दुसरं घेताना तिने गठ्ठ्यातलं चुकून उचललं असणार.

कालिंदाने धोतर दोरीवर टाकलं. सकाळी ते जड लागलं म्हणून प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंबून दारावर अडकवलं, धुवायला म्हणून. दुपारी उन्हात पिशवीच्या तळाशी फुलपात्रभर पाणी होतं. तिला वाटलं, ओलंच भरलं असेल. दुसऱ्या रात्री तिने कोरडं ठणठणीत धोतर पुन्हा दोरीवर टाकलं. दुसऱ्या दुपारी पुन्हा फुलपात्रभर. असं तिने सोळा दिवस केलं आणि मग बसने लातूर गाठून, कॉलेजात शिपायाने दोनदा हाकलल्यावर तिसऱ्यांदा, गुंजोटे सरांच्या टेबलावर ते फुलपात्र ठेवलं. यात कुणाचा हात नव्हता. हे धाडस तिचंच.

पुढे पहिला वार्ताहर आला तेव्हा सोजरबाईने तिला चुलीपाशी ओढून नेलं होतं. माझं नाव घेऊ नकोस, म्हणाली. परटाच्या बाईनं गिऱ्हाइकाचं कापड रानात नेऊन पांघरलं हे बिरादारांच्या घरी कळलं तर मी तोंड कुठं दाखवू? ते घर तिच्या सासऱ्यापासून गिऱ्हाईक. परटाच्या घरात भाकरी करपली तर चालते, गिऱ्हाइकाचं कापड अंगाला लावलेलं चालत नाही. तेव्हा कालिंदाने वार्ताहराला सांगितलं, कापड माझंच होतं आणि आंब माझ्याच हातून लागली. जावेची लाज राखायला म्हणून ती हे बोलली. मग ते पेटंटच्या अर्जात गेलं, धड्यात गेलं, आणि हळूहळू तिला स्वतःलाही तसंच आठवायला लागलं.


प्रश्न ३. कोण कोणास म्हणाले?

मार्गशीर्षातल्या अमावास्येला लातूरकडे येळवस करतात. गावं ओस पडतात, माणसं रानात जातात. कडब्याची खोप उभारून तिच्यात पाच दगड पुजतात आणि भज्जी, बाजरीचे उंडे नि आंबील खातात. कालिंदा दरवर्षी सगळ्यांच्या आधी, उजाडायला पोचायची. आंब पिळायला दोघी लागतात.

सोजरबाई बांधावर उभी होती. अडुसष्ट वर्षांची, काटकुळी, डोक्याला टॉवेल गुंडाळलेली. हरभरा घोट्याच्या वर फूटभर आला होता, पण फुलं गळून सऱ्यांत पडलेली दिसत होती. पूर्वेला भिंत सूर्याच्या आड आली होती आणि तिची लांबच लांब सावली या रानापर्यंत पोचत होती.

दोघींनी पांघरलेलं फडकं उचललं, दोन टोकांना धरून पिळलं. खाली काशाची वाटी होती. कालिंदाने मोजले. सात थेंब.

"पी," सोजरबाई म्हणाली. "तुझ्या भिंतीनं ठिवलेलं हाय."

कालिंदाने वाटी खाली ठेवली. तिने सोमवारचं सांगितलं, चाळीस किलोमीटरचं सांगितलं, आपल्या हातात काही नाही तेही सांगितलं. सोजरबाईने ऐकून घेतलं. ती चिडली नाही. लातूरला तिच्या लेकीचं सासर होतं. टँकरच्या रांगेत लेकीचा दात पडला होता, तेव्हापासून ती त्या भिंतीला नावं ठेवत नसे. एवढंच म्हणाली, की पाणी प्यावं माणसांनी, पण हरभरा फुलात असताना चाळीस रात्री तरी वारा सोडावा. बाकीचं वर्ष खुशाल पीत बसा.

मग फडक्याची घडी घालता घालता तिने सहज विचारावं तसं विचारलं, "ते धोतर म्या चुकून नेलं, असं तुला आजून वाटायलंय का?"

"मग?"

"पहिल्या दिशी चुकून. दुसऱ्या दिशी न्हाई."

सोजरबाईने घडी काखेत मारली.

"माझं फडकं वाटीभर द्यायचं. तुझ्या तुरटीच्या धोतरानं सव्वा वाटी दिली. म्हणलं, ह्याला जास्ती धरायलंय. मंग पदराखाली घालून नेलं. पिळायचं, तसंच वाळवायचं, पुन्यांदा पांघरायचं. जितकं मुरलं तितकं ते जास्ती प्यायलं. सात दीस. सातव्या दिशी कडक झालं, तवा भ्याले आन् गठ्ठ्यात सारलं."

"सात दिवस."

"सात. म्या बोटं मोजली की."

कालिंदा बांधावरच बसली. सात वेळा भिजवणं आणि सात वेळा वाळवणं, हे त्या पेटंटचं मर्म होतं. पाच वेळा केलं तर खोल्या अर्धवट राहतात, नऊ वेळा केलं तर बुजतात. हा आकडा शोधायला तिला गुंजोटे सरांच्या प्रयोगशाळेत दीड वर्ष लागलं होतं. तो चुलीमागे, तिच्याच घरात, बोटांवर मोजून ठेवलेला होता.

"हे मला चौदा वर्षांत सांगितलं नाहीत, जाऊबाई."

"तू इचारलंस कधी?" सोजरबाई म्हणाली. "आन् चोरीचं काय सांगायचं. चल, आंबील घे. निवायली."


प्रश्न ४. चूक की बरोबर ते लिहा.

(अ) कापड कालिंदाबाईंचे स्वतःचे होते.

घरी येऊन कालिंदाने धडा उघडला. पुस्तकात तिचा फोटो होता, हातात इस्त्री, मागे निळं आकाश. ती बराच वेळ 'एकटीने' या शब्दावर बोट ठेवून बसली. पेटंटच्या कागदांचं तिला गुंजोटे सरांनी नीट समजावलेलं होतं, त्यातली एक गोष्ट पक्की आठवत होती. शोध दोघांचा असेल तर एकाच्या सहीने तो तिसऱ्याला वापरायला देता येत नाही. दोघांची सही लागते.

सोजरबाईने कुठंच सही केलेली नव्हती.

म्हणजे तोंड बंद ठेवलं तर ती धड्यातली कालिंदा राहत होती आणि जावेचं रान जात होतं. तोंड उघडलं तर चौदा वर्षं खोटं बोलल्याचं आपल्याच तोंडाने सांगायचं होतं, तेही सोमवारच्या आत. रविवारी सकाळी दळण टाकून येईपर्यंत तिचं ठरलं नाही. वाटेत शाळेतल्या दोन पोरी भेटल्या. एकीने उगाच तिला धडा म्हणून दाखवला. एकही चूक केली नाही. कालिंदाने तिला शाबास म्हटलं, घरी आली आणि तौफिकला फोन लावला.

 तौफिक म्हणाला, काकू, हे तुम्ही मला आत्ता बोललात ते मी ऐकलं नाही असं करता येईल. ती म्हणाली, ऐक. त्याने ऐकलं आणि वर कळवलं. दुपारी कंपनीचे वकील फोनवर आले. आधी हसले, मग समजूत घातली, मग पुरावा काय म्हणून विचारलं.

पुरावा लातूरच्या एका संग्रहालयात काचेच्या पेटीत होता. खाली पाटी : 'कालिंदाबाईंचे स्वतःचे कापड'. पण परीट गिऱ्हाइकाच्या प्रत्येक कापडाच्या कोपऱ्याला बिब्ब्याची खूण करतो, ती कशानेही जात नाही. धोतराच्या कोपऱ्यात तीन टिंबं आणि एक रेघ होती. बिरादारांची खूण. चौदा वर्षं हजारो लोकांनी ती बघितली होती, पण परटाशिवाय कुणाला ती वाचता येत नाही. आणि धोतरावर एकात एक अशी वाळलेल्या दवाची पिवळट वर्तुळं होती. तौफिक स्वतः जाऊन ती मोजून आला. त्याने फोनवर आकडा सांगितला नाही, नुसतं "बरोबर आहे" म्हणाला.

फीत कापणं पुढे ढकललं गेलं.

(ब) सोजरबाईंनी लगेच सही केली.

चूक. सोजरबाई म्हणाली, कागदावर जायच्या आधी बिरादारांच्या घरी सांगीन. तिथं जे काय बोलतील ते ऐकून घेईन. मग सही.

दोघी गेल्या. चौदा वर्षांनी त्या गल्लीत शिरताना सोजरबाईने पदर डोक्यावरून इतका पुढे ओढला, की कालिंदाला तिचा हात धरावा लागला. बळवंतराव जाऊन चार वर्षं झाली होती. त्यांची बायकोही मागच्या साली गेली. सुनेने पाट दिला, चहा टाकला. माळवदाच्या गच्चीवर तिने कालिंदा कापडाचा पडदा लावलेला होता. त्याचं पाणी किती गोड लागतं ते ती कौतुकाने सांगत होती. सोजरबाईने उभं राहूनच सगळं सांगितलं, शाळेतल्या पोरीसारखं, एका दमात. सून गोंधळली.

"कसलं धोतर, मावशी?"

भिंतीवर बळवंतरावांचा फोटो होता, पांढऱ्या धोतरातला. सोजरबाईने त्याला हात जोडले. फोटो काही बोलला नाही. चहा पिऊन दोघी निघाल्या. बाहेर आल्यावर कालिंदा सवयीने देवळाकडे वळली, तर सोजरबाई म्हणाली, "तिकडून कशाला? हिकडून जवळ हाय."


प्रश्न ५. एका वाक्यात उत्तरे लिहा.

सोजरबाईंनी सही कशी केली?

रात्रशाळेत शिकलेली, पाच अक्षरं, मधला र उलटा.

त्यांची अट कोणती?

येळवशीआधी वीस रात्री आणि नंतर वीस रात्री जुनी-नवी सगळी भिंत गुंडाळून ठेवायची, आणि हे कापड देशात जिथं जिथं रानाच्या वाऱ्यात उभं राहील तिथं तिथल्या पिकाच्या फुलाला अशाच चाळीस रात्री सोडायच्या.

कंपनीने ते मान्य केले का?

दोन महिने केलं नाही, मग केलं, कारण सहीशिवाय जुनी सहा किलोमीटरही उतरवावी लागली असती.

लातूरकरांचे काय झाले?

त्या चाळीस दिवसांत नळ एकाआड एक दिवस आला, लोक कुरकुरले, आणि चौकातल्या कोऱ्या फलकावर कुणीतरी खडूने लिहिलं : 'टँकर येण्याची वेळ : जाऊबाईंना विचारा'.

धड्याचे काय झाले?

नव्या आवृत्तीत दोघींची नावं येतील असं कालिंदाला वाटलं होतं, पण मंडळाने 'पडताळणी बाकी' म्हणून धडाच काढला आणि तिथे मधमाशीवरचा धडा घातला.

आता पोरी दारावरून मधमाशी घोकत जातात. कालिंदा ओट्यावर बसून ऐकते. कुणाचं चुकलं तरी तिला कळत नाही. पहिले काही दिवस ती त्या वेळेला आत जाऊन बसायची. मग बाहेर यायला लागली. कापडाला लोक अजूनही कालिंदाच म्हणतात. ती दर वेळी सांगत नाही, पण कुणी ओट्यावर बसून विचारलं तर सगळं सांगते, सुरुवातीपासून, आणि 'सात' म्हणताना बोटं मोजून दाखवते.

पुढच्या येळवशीला दोघी उजाडायच्या आत रानात होत्या. पूर्वेला नुसते खांब उभे होते, त्यांच्यामधून वारा येत होता. त्यांनी फडकं उचललं, टोकं धरली, उलट्या बाजूंनी पीळ दिला. धार लागली. वाटी भरायला दोन बोटं कमी होती. सोजरबाईने ती कालिंदापुढे धरली. कालिंदाने घोट घेतला आणि आंबटाने तिचा एक डोळा मिटला.

"कशी हाय?"

"पहिल्यासारखी नाही," कालिंदा म्हणाली. "पण आहे."


टीप

धोतर सापडत नाही, असं कालिंदाने बळवंतराव बिरादारांना २०२९च्या डिसेंबरात सांगितलं होतं. ते घरी गेले आणि बायकोला म्हणाले, "जाऊ दे, जुनंच होतं."